सल्ला घेणारे पुष्कळ, फी देणारं कोणी नाही: करिअर कोचिंगचा व्यवसाय उभा कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बरीच वर्षं एचआरमध्ये भरतीचं काम केलं. कोचिंगचा कोर्स केला, प्रमाणपत्र घेतलं, वेबसाइट केली. ओळखीचे लोक मुलाखतीच्या आदल्या रात्री फोन करतात, सल्ला घेतात, मनापासून आभारही मानतात. पण फीचा विषय निघाला की ‘विचार करून सांगतो’ म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. पैसे देणारे क्लायंट कुठून येतात, फी किती ठेवायची आणि नोकरी कधी सोडायची, हे तुम्हाला हवं आहे. मी अनेक वर्षं याच कामावर घर चालवते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वेबसाइट विसरा. सुरुवातीचे क्लायंट वेबसाइटवरून येत नाहीत. ते कोणीतरी तुमचं नाव सांगितल्यामुळे येतात, आणि नाव सांगणाऱ्याला तुम्ही नेमकं काय करता हे एका वाक्यात सांगता आलं तरच तो ते सांगतो. तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय, ‘तुमच्यातल्या क्षमता ओळखा, स्वप्नातलं करिअर घडवा.’ हे वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर एखादा माणूस येत नाही. येणार कसा? ते सगळ्यांनाच लागू पडतं.

‘मला करिअर कोच हवा आहे’ असं फार थोडे लोक म्हणतात. लोक म्हणतात, ‘शेवटच्या फेरीपर्यंत जातो आणि तिथेच अडकतो.’ ‘मुलं मोठी झाली, आता पुन्हा कामाला लागायचंय, पण मधल्या सहा वर्षांचं काय सांगू?’ ‘कंपनीत कपात झाली, तीन महिन्यांचा पगार हातात आहे.’ ‘माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आज माझा साहेब आहे.’ ‘ऑफर आली आहे, पण पगार कमी वाटतो, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.’ या प्रत्येक वाक्यात दोन गोष्टी आहेत. अडचणीला तारीख आहे, आणि ती सुटली नाही तर काय गमवावं लागेल हे त्या माणसाला रोज जाणवतं आहे. या दोन्ही गोष्टी जिथे असतात तिथे लोक पैसे देतात. त्या नसतील तर गप्पा छान रंगतात, पण पुढे काही होत नाही.

तुमच्याकडे फुकट सल्ल्यासाठी येणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं मिसळलेली आहेत. काहींच्या अडचणीला खरंच तारीख आहे. त्यांच्याकडून तुम्ही फी मागत नाही, कारण ती ओळखीची आहेत. उरलेली ‘काहीतरी वेगळं करावंसं वाटतं’ एवढ्यावरच आहेत. त्यांच्याकडे तुम्ही फी मागता, आणि ती गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांची वेळ अजून आलेली नाही. त्यांच्याशी चांगलं वागा, संपर्कात राहा, पण पहिल्या वर्षाचा हिशोब त्यांच्यावर मांडू नका. कॉलेजच्या मुलांचंही तेच. त्यांना गरज असते, पण फी पालक देतात. म्हणजे विकायचं एकाला आणि काम करायचं दुसऱ्यासोबत. हा वेगळाच व्यवसाय आहे आणि त्याची घडी वेगळी बसवावी लागते.

मग तुम्ही कोणासाठी काम करायचं? जिथली आतली माहिती तुम्हाला खरोखर आहे, तिथून सुरुवात करा. तुम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या आहात. एखादा उमेदवार का निवडला गेला, कागदावर जास्त चांगला असलेला दुसरा का मागे पडला, आणि त्या खोलीत दार बंद झाल्यावर काय बोललं गेलं, हे तुम्ही पाहिलं आहे. उमेदवाराला ते कधीच कळत नाही. तुमची खरी पुंजी तीच आहे, प्रमाणपत्र त्यानंतर येतं. म्हणून तुमचं वाक्य काहीसं असं असू शकतं: ‘दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेले, पण शेवटच्या फेरीत अडकणारे लोक असतात. ती फेरी पार करायला मी त्यांना मदत करते.’ हे वाक्य ओळखीच्या पाच-सात जणांना म्हणून दाखवा. ‘छान’ म्हणून ऐकणारा थांबला तर वाक्य अजून जमलेलं नाही. ‘अरे, माझ्या मेव्हण्याचं अगदी असंच चाललंय’ असं तो म्हणाला, तर जमलं. वाक्य तपासायची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

इतकं बारीक क्षेत्र धरलं तर बाकीचे क्लायंट जातील, अशी भीती सगळ्यांना वाटते. अनुभव उलट आहे. शेवटच्या फेरीसाठी आलेला माणूस नोकरी लागल्यावर पगाराच्या वाटाघाटीसाठी थांबतो, नव्या जागी पहिले तीन महिने कसे काढायचे यासाठी परत येतो, आणि आपल्या बहिणीला वेगळ्याच प्रश्नासाठी पाठवतो. दार अरुंद ठेवा. आत आल्यावर काम आपोआप रुंदावतं.

कामाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण काम चांगलं नसेल तर क्लायंट मिळवण्याच्या युक्त्या वर्षभरही टिकत नाहीत. या क्षेत्राची सुरुवात ज्यांच्यापासून मानली जाते त्या फ्रँक पार्सन्स यांनी 1908 साली बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं एक केंद्र सुरू केलं. त्यांनी मांडलेल्या तीन पायऱ्या आजही पुरतात: स्वतःची नीट ओळख, कामांच्या जगाची नीट माहिती, आणि या दोन्हींची सांगड घालणारा स्वच्छ विचार. आजचे बहुतेक नवे कोच पहिल्या पायरीवरच बसून राहतात. मूल्यं, बलस्थानं, व्यक्तिमत्त्व चाचण्या, आयुष्याच्या वेगवेगळ्या बाजूंना गुण द्यायला लावणारं ‘आयुष्याचं चक्र’. क्लायंटला बरं वाटतं, पण तो म्हणतो, ‘हे सगळं ठीक, आता सोमवारी काय करू?’ दुसऱ्या पायरीला मेहनत लागते. त्या क्षेत्रात आत्ता कोण भरती करतंय, त्या पदाचं खरं काम काय असतं, त्या पदावरची माणसं कुठून येतात, पगार ठरवताना काय मोजलं जातं, हे सगळं शोधावं लागतं. तुम्ही भरतीतून आलेल्या आहात, म्हणून ही पायरी तुम्हाला इतरांपेक्षा सोपी आहे. तिचा फायदा घ्या.

चाचण्यांवर फार खर्च करू नका. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 साली मांडलेली सहा प्रकारांच्या आवडींची चौकट अजून वापरात आहे. तिच्यावर आधारलेली एक प्रश्नावली अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या संकेतस्थळावर कोणालाही मोफत भरता येते. बोलायला सुरुवात म्हणून ती पुरेशी आहे. पण निकालाच्या कागदावरून कोणाला ‘तू हे कर, ते करू नकोस’ असं सांगू नका.

प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलंत की पुढची पातळी घ्यावी का. बहुतेक देशांत करिअर कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे कायद्याची अडचण येत नाही. प्रशिक्षणाचा फायदा मात्र होतो, विशेषतः ऐकायला शिकण्यासाठी. एचआरमधून आलेल्या माणसाला उत्तर लगेच देण्याची सवय असते आणि कोचिंगमध्ये ती आड येते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या ‘एसीसी’ या पहिल्या पातळीसाठी किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं, आणि त्या 100 पैकी 75 तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. पुढच्या ‘पीसीसी’ पातळीला 500 तास लागतात, त्यातले 450 मोबदल्याचे. रक्कम किती हे ते विचारत नाहीत, पण मोबदला हवा. म्हणजे प्रमाणपत्र मिळालं की क्लायंट येतील, हा क्रम तिथेही चालत नाही. आधी पैसे देणारे क्लायंट, मग प्रमाणपत्र. व्यक्ती म्हणून येणाऱ्या क्लायंटने मला प्रमाणपत्राबद्दल क्वचितच विचारलं आहे. कंपन्या विचारतात. तुम्हाला कंपन्यांकडे जायचं असेल तेव्हा ते घ्या.

आता फुकटाकडून फीकडे कसं यायचं. एका दिवसात सगळ्यांना दर सांगायला सुरुवात केली तर तुम्हीच अवघडून जाल आणि तुमच्या आवाजात ते ऐकू येईल. मी नव्या लोकांना सांगते की मध्ये एक ठरावीक टप्पा ठेवा. पाच-सहा जणांसाठी अर्ध्या फीमध्ये, ठरावीक महिन्यापर्यंत, पूर्ण काम करायचं. बदल्यात त्यांनी शेवटी अर्धा तास बसून प्रामाणिक अभिप्राय द्यायचा आणि पटलं असेल तर दोन ओळी लिहून द्यायच्या. फी अर्धी असली तरी ती असलीच पाहिजे. फुकट घेणारा माणूस सेशन पुढे ढकलतो, सांगितलेला अभ्यास करत नाही, आणि मग निकालही येत नाही. मित्रांना काय सांगायचं? ‘आता मी हे काम फी घेऊन करते. तुझा छोटा प्रश्न असेल तर पंधरा मिनिटं फोनवर बोलू. मुलाखतीची नीट तयारी करायची असेल तर त्यासाठी ठरलेली पद्धत आहे, ती सांगते.’ बस. माफी मागायची नाही, लांबलचक कारणंही द्यायची नाहीत. दोघे-तिघे नाराज होतील, तेवढं चालवून घ्या.

फी ठरवताना बहुतेक जण इतर कोच किती घेतात ते बघतात. त्याऐवजी स्वतःचा हिशोब मांडा. वर्षाचे 52 आठवडे. सुट्ट्या, आजारपण, घरची कार्यं धरून 46 आठवडे काम होतं असं समजा. आठवड्याला 12 पेक्षा जास्त सेशन्स नीट होत नाहीत, कारण प्रत्येक तासामागे तयारी, टिपणं आणि पाठपुरावा यांत आणखी तासभर जातो, आणि उरलेला वेळ क्लायंट शोधण्यात. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त 552 सेशन्स. पहिल्या वर्षी त्यातली निम्मी भरली तरी खूप झालं: 276. आता वर्षाला तुम्हाला किती पैसे हवेत ते लिहा. त्यात कर, विमा, निवृत्तीची तरतूद, सॉफ्टवेअर आणि शिकण्याचा खर्च मिळवा. हे सगळं नोकरीत असताना दिसत नाही, म्हणून विसरलं जातं. त्या रकमेला 276 ने भागा. जो आकडा येईल तो पाहून बहुतेकांना धक्का बसतो, कारण मनात धरलेली फी त्याच्या निम्मीही नसते. तो आकडा तुमच्या निवडलेल्या लोकांना झेपणारा नसेल, तर एक तर लोक बदला, नाहीतर कामाची रचना बदला. नुसती मेहनत वाढवून तो प्रश्न सुटत नाही.

हिशोब आणखी पुढे न्या. सुट्या तासाने काम विकू नका. ठरावीक परिणामाकडे जाणारा पूर्ण कार्यक्रम विका. तुमच्या कामासाठी अडीच-तीन महिन्यांत सहा सेशन्स योग्य वाटतात, मध्ये लिखित अभिप्राय आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी एक छोटा फोन. 276 सेशन्स म्हणजे असे 46 क्लायंट, म्हणजे महिन्याला साधारण चार. ओळखीतून आलेल्या तीन चौकशांपैकी एक पक्की होते असं धरलं, तर महिन्याला बारा, म्हणजे आठवड्याला तीन प्राथमिक संभाषणं व्हायला हवीत. तुमच्या व्यवसायाचा खरा आकडा हा आहे: या आठवड्यात तीन जणांशी नीट बोललात का? फॉलोअर किती, वेबसाइटवर कोण येऊन गेलं, हे नंतर बघता येईल. पैसे संपूर्ण आगाऊ किंवा दोन हप्त्यांत घ्या, आणि दुसरा हप्ता तिसऱ्या सेशनच्या आधी. काम झाल्यावर पैसे मागायची वेळ आली की कोच आणि क्लायंट यांच्यातला मोकळेपणा जातो.

त्या प्राथमिक संभाषणावर मी थोडी थांबते, कारण तुमचे क्लायंट तिथेच निसटतात. तुम्ही लिहिलंय की पहिल्या फोनमध्ये तुम्ही तासभर बोलता, त्यांचा सीव्ही बघून देता, मुलाखतीचे प्रश्न सुचवता. त्या माणसाची तातडीची भूक तिथेच भागते. मूळ प्रश्न तसाच राहतो, पण तो त्याला त्या क्षणी दिसत नाही. संभाषण अर्ध्या तासाचं ठेवा आणि त्यातला बराच वेळ त्याला बोलू द्या. काय झालंय? कधीपासून? आत्तापर्यंत काय करून पाहिलं? त्याचं काय झालं? सहा महिने असंच चाललं तर काय होईल? नेमकं काय झालं म्हणजे तुम्ही म्हणाल की जमलं? एवढं विचारलंत की तुम्हालाही कळतं आणि त्यालाही कळतं की तो कुठे अडकला आहे. मग तुम्ही काय ऐकलं ते त्याच्याच शब्दांत सांगा: ‘तुम्ही तांत्रिक फेऱ्या आरामात पार करता. वरिष्ठांसमोर मात्र स्वतःचं काम “आम्ही केलं” असं सांगता, तुम्ही स्वतः काय ठरवलंत ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. आपण त्यावर काम करू.’ मग कार्यक्रम, कालावधी आणि फी, तीन वाक्यांत. आणि फी सांगितल्यावर गप्प बसा. तो गप्प आहे म्हणून घाईघाईने सवलत देऊ नका. तो मनात हिशोब करतोय, त्याला करू द्या.

‘विचार करून सांगतो’ आलं तर विचारा, ‘जरूर. नेमका कशाचा विचार करायचाय? पैशांचा, वेळेचा, की हे उपयोगी पडेल का याचा?’ लोक प्रामाणिक उत्तर देतात. पैशांचा असेल तर हप्ते करता येतात. वेळेचा असेल तर तारीख ठरवता येते. उपयोगाची शंका असेल तर ती खरी शंका आहे, तिच्यावर बोला. आणि तुम्हाला स्वतःलाच वाटत असेल की या माणसाला तुमचा उपयोग नाही, तर ‘नाही’ म्हणा आणि दुसरं नाव सुचवा. अशा वेळी प्रामाणिकपणे नकार दिलेल्या लोकांनी मला पुढे कितीतरी क्लायंट पाठवले आहेत. आणि जे खरंच विचार करायला वेळ मागतात त्यांना दोन दिवसांनी एक निरोप, आठवड्याने आणखी एक, मग थांबा.

आता मुख्य प्रश्न, ही तीन संभाषणं आणायची कुठून. तुम्ही क्लायंटला नोकरी शोधायला जे शिकवणार आहात, तेच स्वतःसाठी करायचं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्या माणसाकडून माहिती मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होतात. वारंवार भेटणारे फक्त 16.7 टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के, क्वचित भेटणारे 27.8 टक्के. कारण उघड आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्या वर्तुळातून येते. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्यातही नोकरी बदलायला फार जवळच्या नाहीत आणि अगदी लांबच्याही नाहीत अशा ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्याचं दिसलं. क्लायंट मिळण्याचं गणितही मला नेहमी तसंच दिसत आलं आहे. सख्ख्या मैत्रिणी कौतुक करतात. काम पाठवते ती दोन नोकऱ्यांपूर्वीची सहकारी.

म्हणून एक यादी करा: जुने सहकारी, तुम्ही निवडलेले उमेदवार, तुम्ही नाकारलेले पण चांगले वाटलेले उमेदवार, ज्यांच्याबरोबर प्रशिक्षण घेतलं ते, कॉलेजचे बॅचमेट. शंभरेक नावं सहज निघतील. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहा, सगळ्यांना एकच मजकूर ढकलू नका. आधी त्यांची विचारपूस, मग दोन वाक्यं: ‘मी आता अनुभवी लोकांना शेवटच्या फेरीच्या मुलाखतींसाठी तयार करते. तुमच्या ओळखीत कोणी तिथे अडकलेलं असेल तर माझं नाव सांगाल का?’ ‘तुम्हाला कोचिंग हवंय का’ असं विचारायचं नाही. माणसाला स्वतःची अडचण कबूल करायला संकोच वाटतो, दुसऱ्याची सांगायला नाही. आणि ज्याला स्वतःलाच हवं असेल तो सांगतोच. दिवसाला पाच निरोप. महिन्याभरात यादी संपते आणि तोवर पहिले क्लायंट आलेले असतात.

एक स्रोत तुमच्यासारख्यांनाच मिळू शकतो: भरती करणारे सल्लागार. त्यांच्याकडे रोज चांगले उमेदवार येतात जे तयारी कमी पडल्यामुळे मागे राहतात. सल्लागाराला त्यांना मदत करायची इच्छा असते, पण त्याचे पैसे कंपनी देते, त्यामुळे वेळ नसतो. अशा दोघा-तिघांशी नियमित बोलत राहा. नाव सुचवण्याबद्दल कोणी मोबदला मागितला किंवा तुम्ही दिला, तर ते क्लायंटला आधी सांगा, लपवू नका.

इथे एक सीमा आखून घ्या. तुम्ही नोकरी लावून देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात नोकरी मिळवून देणाऱ्या खासगी संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये असं तत्त्व आहे, आणि अनेक देशांचे कायदेही त्याच अंगाने जातात. ‘नोकरीची हमी’ असं एकदा जरी लिहिलंत, तरी लोक तुम्हाला त्या नजरेने बघतील, आणि जी गोष्ट तुमच्या हातात नाही तिचं वचन तुम्ही दिलेलं असेल. तयारीची, वेळेची आणि स्पष्ट अभिप्रायाची हमी द्या. ती तुम्ही पाळू शकता.

व्याख्यानं आणि कार्यशाळा यांतूनही क्लायंट येतात, पण विषय बारीक हवा. ‘यशस्वी करिअरची सूत्रं’ ऐकायला गर्दी होते आणि टाळ्या पडतात. ‘“तुमच्याबद्दल सांगा” या प्रश्नाचं दीड मिनिटाचं उत्तर’ या विषयाला पंचवीसच जण येतात, त्यातले दोघे नंतर थांबून बोलतात. माजी विद्यार्थी संघटना, व्यावसायिक मंडळं, करिअरमधल्या खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांचे गट, यांना वक्ते हवेच असतात. तिथे खरोखर काम करून घ्या, एखाद्याचं उत्तर सगळ्यांसमोर सुधारून दाखवा. तुमचं कौशल्य लोकांना दिसलं की वेगळं विकावं लागत नाही.

लिंक्डइनवर रोज लिहायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, क्लायंटने खरंच विचारलेला एक प्रश्न आणि त्याचं पूर्ण उत्तर, ओळख पटेल असा कोणताही तपशील न देता. ‘वयाच्या पंचेचाळिशीत आपल्यापेक्षा लहान मॅनेजर मुलाखत घेत असेल तर काय बोलावं’ अशा एका लेखाने प्रेरणादायी वाक्यांच्या शंभर पोस्टपेक्षा जास्त चौकशा येतात.

सीव्ही लिहून देण्याची सेवा मुख्य धंदा म्हणून धरू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून बरा मसुदा कोणालाही मिनिटात मिळतो, आणि नुसत्या मसुद्यासाठी पैसे द्यायची लोकांची तयारी कमी होत चालली आहे. उलट सगळ्यांचे सीव्ही एकसारखे गुळगुळीत झाल्यामुळे मुलाखतीतलं बोलणं जास्त निर्णायक झालंय. तिथे समोर जिवंत माणूस लागतो, मध्येच थांबवणारा, ‘हे पटलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणणारा. माझ्या सरावाच्या सेशनमध्ये मी क्लायंटचं उत्तर रेकॉर्ड करते आणि त्यालाच ऐकवते. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने उत्तर बांधायची पद्धत सगळ्यांना पाठ असते, पण ऐकताना कळतं की परिस्थितीवर दोन मिनिटं गेली आणि स्वतःच्या कृतीवर दहा सेकंद. हे त्याने स्वतः ऐकलं की पुढच्या वेळचं उत्तर बदललेलं असतं. रेकॉर्डिंगला त्याची परवानगी घ्या आणि काम झाल्यावर ते पुसून टाका.

कंपन्या हा मोठा बाजार आहे: कपात झालेल्यांना मदत, नवे मॅनेजर, रजेवरून परतणारे कर्मचारी. पैसे बरे मिळतात, पण निर्णयाला महिने लागतात आणि बिल आणखी उशिरा निघतं. म्हणून पहिल्या वर्षी एखादी ओळख असेल तरच तिकडे जा. कंपनी पैसे देते आणि काम कर्मचाऱ्यासोबत असतं, तेव्हा कंपनीला काय कळवणार आणि काय नाही, हे तिघांच्या संमतीने आधीच लिहून ठेवा. सेशन्स झाली की नाही एवढंच मी कळवते. आत काय बोललं गेलं ते कधीच नाही.

व्यक्तींबरोबरही एक पानाचा करार हवाच: सेशन्स किती, कालावधी काय, रद्द करायचं असेल तर किती आधी कळवायचं, पैसे परत कधी मिळतील, गोपनीयता. आणि त्यात हेही लिहा की ही मानसोपचाराची सेवा नाही. नोकरी गेलेल्या माणसासोबत बसताना तुम्हाला कधी ना कधी जाणवेल की प्रश्न मुलाखतीचा नाही. झोप उडालेली असते, आठवडेच्या आठवडे तो घराबाहेर पडलेला नसतो, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं तो बोलून जातो. तिथे कोचिंग थांबवा, स्पष्ट आणि मायेने बोला, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मदत करा. जिवाला धोका वाटत असेल तर त्याच क्षणी, त्याच्या जवळच्या माणसांच्या किंवा तातडीच्या सेवेच्या मदतीने. अशा तज्ज्ञांची दोन-तीन नावं पहिल्या क्लायंटच्या आधीच तुमच्याकडे असायला हवीत.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. आधी तुमच्या नोकरीचा करार वाचा, बाहेर काम करायला परवानगी लागते का ते बघा, आणि लागत असेल तर लेखी घ्या. तुम्ही भरतीत आहात, म्हणून तुमच्या कंपनीत ज्याच्या अर्जाचा विचार सध्या चालू आहे अशा कोणालाही क्लायंट म्हणून घेऊ नका, ओळखीचा असला तरी. संध्याकाळी आणि शनिवारी मिळून आठवड्याला चार सेशन्स नोकरी सांभाळून होतात. तिथून सुरुवात करा. सलग सहा महिने पूर्ण फी देणारे क्लायंट येत असतील, त्यातले निम्मे तुम्ही ज्यांना ओळखत नव्हता अशा लोकांकडून आलेले असतील, आणि वर्षभराच्या घरखर्चाइतकी शिल्लक बाजूला असेल, तर राजीनामा द्यायला हरकत नाही. यातली पहिली गोष्ट झाली आणि दुसरी झाली नाही, तर थांबा. ओळखीतल्या लोकांचा साठा संपला की काम अचानक आटतं, आणि ते आटताना पगार चालू असलेला बरा.

तोवर या आठवड्याचे निरोप लिहायला घ्या. नाकारलेल्या उमेदवारांपासून सुरुवात केलीत तर बरं, कारण त्यांना काय कमी पडलं होतं हे तुम्हाला आधीच माहीत आहे. फक्त तुमच्या कंपनीच्या नोंदींमधून फोन नंबर काढू नका. ज्यांच्याशी तुमची स्वतःची ओळख राहिली आहे त्यांनाच लिहा.